‘देऊन बघू’चं बिल कोण भरतं?

मंडळी, आजचा विषय शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचायचा नाही, हे मान्य. पण आपल्या पिढीच्या घरांत आईवडील साठीला टेकलेत, काका-मावश्या त्याच्याही पुढे गेल्यात, आणि हा विषय कधी ना कधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन धडकणारच आहे. तेव्हा रात्री दोन वाजता घाबरून पंधरा टॅब उघडण्यापेक्षा आज शांत डोक्यानं वाचून ठेवा.

विषय आहे दोन शब्दांचा. ‘देऊन बघू’.

स्वादुपिंडाचा, म्हणजे पॅन्क्रियाजचा कॅन्सर. ऑपरेशन होतं, केमो होते, घरचे जरा श्वास घेतात, आणि वर्षभरात आजार उलटतो. बहुतेकदा लिव्हरवर. मग फाइल घेऊन दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, आणि कुठेतरी कुणीतरी म्हणतं, “केमोबरोबर इम्युनोथेरपी देऊन बघू.” घरच्यांच्या कानाला हे शब्द अमृतासारखे लागतात. लागणारच. काहीतरी नवीन आहे, काहीतरी शिल्लक आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. ज्या रुग्णाच्या गाठीत त्यासाठीची ठरावीक खूण तपासणीत सापडलेली नाही, त्याच्या घरच्यांना अशा वेळी इम्युनोथेरपी विकत घ्यायला लावणं चूक आहे. द्यायचीच असेल तर रीतसर ट्रायलमध्ये द्या: रुग्णाकडून पैसे न घेता, नोंद ठेवून आणि कधी थांबायचं ते आधी ठरवून. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर टेस्टिंग चाललंय, लॉग बंद आहेत, रोलबॅक प्लॅन नाही, आणि बिल युजरच्या नावावर फाडलं जातंय. असला प्रकार आपल्या ऑफिसात एखाद्यानं केला तर सोमवारी त्याची कशी पूजा बांधली जाईल ते तुम्हाला माहीत आहे.

मी डॉक्टर नाही. पण घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ असल्यामुळे नात्यातल्या कुणाचाही रिपोर्ट आधी माझ्याकडे येतो. (जणू बायोप्सी आणि प्रिंटर एकाच खात्यात येतात.) दोनेक वर्षांपूर्वी आमच्या मावसकाकांचे रिपोर्ट असेच आले. ऑपरेशन होऊन अकरा महिने झाले होते, लिव्हरवर डाग दिसत होते. एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात सल्ला मिळाला होता: केमो चालू करा आणि सोबत इम्युनो घ्या. एका फेरीचा आकडा लाखांत. पैठण रोडचा प्लॉट काढायचा का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. त्या दोन दिवसांत काय बोललं गेलं नाही सांगू? हे औषध या आजारात किती जणांना लागू पडतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. कागदावरही ते कुठे लिहिलेलं नव्हतं. प्लॉटचा भाव मात्र सगळ्यांना पाठ होता.

म्हणून आता तो न विचारलेला प्रश्न घेऊ.

दोन्ही एकत्र द्यायची कल्पना आली कुठून?

कल्पना वेडगळ नाही, हे पहिल्यांदा कबूल करू. आपल्या शरीरातल्या टी-पेशी म्हणजे पहारेकरी. त्यांनी आपल्याच माणसांवर हल्ला करू नये म्हणून त्यांना ब्रेक दिलेले असतात. कॅन्सर चलाखपणे तेच ब्रेक दाबून धरतो. ते ब्रेक सोडवणारी औषधं म्हणजे निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, दुर्व्हालुमॅब वगैरे मंडळी. या ब्रेकच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळालं. केमोची जोड कशाला, तर केमोनं कॅन्सरच्या पेशी फुटतात, त्यांचे तुकडे बाहेर पडतात, पहारेकऱ्यांना चोराचा चेहरा दिसतो आणि मग ते नेमके धावून जातात, असा तर्क.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये हा तर्क खरा ठरला. २०१८ सालच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये नुसत्या केमोवर वर्षभरानं ४९.४ टक्के रुग्ण हयात होते, केमो अधिक पेम्ब्रोलिझुमॅबवर ६९.२ टक्के. हा फरक टाळ्या वाजवण्यासारखाच आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचं उदाहरणही तुम्ही ऐकलं असेल. २०१५ साली, वयाच्या नव्वदीत, त्यांचा मेलानोमा लिव्हर आणि मेंदूपर्यंत पोचला होता. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब झालं, त्याच डिसेंबरात स्कॅन स्वच्छ आला, आणि ते १०० वर्षांचे होऊन २०२४च्या डिसेंबरात गेले.

याच कार्टरांचे वडील, भाऊ आणि दोन्ही बहिणी स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले होते. ते सगळे ही औषधं निघायच्या आधीचे, त्यामुळे त्यावरून औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण कार्टरांची गोष्ट फॉरवर्ड करणाऱ्यानं त्यांच्या घरातला हा दुसरा आजार विसरू नये. कॅन्सर हे आडनाव आहे; माणसं वेगवेगळी आहेत.

स्वादुपिंडात काय झालं?

आता आकडे. थोडे आहेत, पण नीट वाचा.

एक. आधीची केमो फसलेले ६५ रुग्ण घेतले. निम्म्यांना दुर्व्हालुमॅब, निम्म्यांना दुर्व्हालुमॅब अधिक ट्रेमेलिमुमॅब, म्हणजे दोन वेगवेगळे ब्रेक सोडवणारी औषधं. एकट्या दुर्व्हालुमॅबवर गाठ लक्षणीय लहान झालेले रुग्ण: शून्य. दोन्ही औषधांवर: ३.१ टक्के, म्हणजे एक माणूस. हे २०१९ साली छापून आलं.

दोन. ‘ठीक आहे, नुसती इम्युनो चालत नसेल, केमोबरोबर चालेल’ म्हणून कॅनडात १८० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून ट्रायल झाली. एका गटाला जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही नेहमीची केमो, दुसऱ्याला तीच केमो अधिक वरची दोन्ही औषधं. निकाल २०२२ साली आला. मध्यक आयुष्य, म्हणजे जिथे निम्मे रुग्ण अलीकडे आणि निम्मे पलीकडे राहतात तो आकडा, नुसत्या केमोवर ८.८ महिने आणि इम्युनोसकट ९.८ महिने. ‘बघा, एक महिना वाढला!’ असं म्हणायच्या आधी थांबा. एवढा फरक निव्वळ योगायोगानं पडू शकतो, असं त्याच अभ्यासाचं संख्याशास्त्र सांगतं. सरासरी टॉस होता, छापा पडला.

तीन. माझ्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा लपवतोय. ‘प्रिन्स’ नावाच्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये केमो अधिक निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी ५७.७ टक्के लोक वर्षभरानं हयात होते. जुन्या अभ्यासांवरून धरलेला आकडा ३५ टक्के होता. आकडा जोरदार आहे. पण शेजारी नुसत्या केमोचा गट ठेवलेलाच नव्हता; तुलना जुन्या रेकॉर्डशी होती. शिवाय त्यातच आणखी एक इम्युनो औषध मिसळलेल्या तिसऱ्या गटाचा आकडा खाली येऊन ४१.३ टक्के झाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे रुग्ण पसरलेल्या आजारासाठी पहिल्यांदाच उपचार घेणारे होते. केमो घेऊन थकलेल्या, आजार उलटलेल्या माणसाचा प्रश्न तिथे तपासलेलाच नाही. असा निकाल आला की पुढची, मोठी ट्रायल करावी. रेट कार्ड छापू नये.

असं का होतं याचीही कारणं बरीचशी कळलेली आहेत. स्वादुपिंडाच्या गाठीभोवती तंतुमय पेशींची जाड भिंत असते. तिच्यातून औषधही कष्टानं शिरतं आणि टी-पेशीही. या कॅन्सरमध्ये जनुकीय बिघाड तुलनेनं कमी, त्यामुळे पहारेकऱ्यांना ओळखता येतील अशा खुणाही कमी. शिवाय दहातल्या नऊ रुग्णांत असलेला ‘केरास’ या जनुकातला बिघाड आजूबाजूचं वातावरणच असं करून टाकतो की पहारेकरी तिकडे फिरकत नाहीत. ज्या चौकीवर पोलीसच नेमलेले नाहीत तिथे ‘गोळीबाराची परवानगी आहे’ असा आदेश पाठवून काय होणार? ब्रेक सोडायला आधी गाडी तर हवी.

“पण स्टीव्ह जॉब्स इतकी वर्षं जगला ना?”

आपल्या क्षेत्रात हा प्रश्न येतोच. २००३ साली निदान, २०११च्या ऑक्टोबरात मृत्यू, म्हणजे आठ वर्षं. पण जॉब्सना झाला तो न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. अवयव तोच, पण हार्मोन तयार करणाऱ्या पेशींचा, साधारणपणे बराच सावकाश वाढणारा, वेगळा आजार. आपण बोलतोय तो ॲडिनोकार्सिनोमा. रिपोर्टवर हा शब्द शोधा आणि जॉब्सची गोष्ट बाजूला ठेवा.

आपल्या जवळचं उदाहरण मनोहर पर्रीकरांचं. आयआयटी मुंबईचे इंजिनिअर, देशाचे माजी संरक्षणमंत्री, गोव्याचे मुख्यमंत्री. २०१८च्या फेब्रुवारीत आजारी पडले. मुंबई झाली, अमेरिका झाली, दिल्लीचं एम्स झालं, आणि १७ मार्च २०१९ला, वयाच्या ६३व्या वर्षी गेले. त्यांना कुठले उपचार मिळाले याची चर्चा मला करायची नाही. तो त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा प्रश्न. मुद्दा एवढाच की या माणसासाठी जगातला कुठलाही दरवाजा बंद नव्हता. तेव्हा ‘आपण प्लॉट विकला असता तर वाचले असते’ ही जी टोचणी मागे राहिलेल्यांना आयुष्यभर खाते, ती या आजारात बहुतेक वेळा खोटी असते. विज्ञानाकडेच जे नाही ते पैशानं मिळत नाही.

मग कुणालाच देऊ नये का?

असं मी म्हटलेलं नाही. सुमारे १ टक्का रुग्णांच्या गाठीत एमएसआय-हाय नावाची खूण असते. डीएनएची प्रत काढताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच त्यांच्यात बिघडलेली असते, म्हणून गाठीत खुणा भरपूर आणि पहारेकऱ्यांना काम सोपं. अशा रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब देण्याला आधार आहे. तिथेही स्वादुपिंडाच्या २२ रुग्णांच्या अभ्यासात १८.२ टक्के, म्हणजे चौघांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. ‘सगळ्यांच्या’ नाही, पण शून्यापेक्षा चार पुष्कळ.

ही खूण जुन्या बायोप्सीच्या ब्लॉकवरसुद्धा तपासता येते. तिचा खर्च औषधाच्या एका डोसपुढे किरकोळ आहे. दुसरी तपासणी बीआरसीए जनुकांची. त्यात बिघाड सापडला तर प्लॅटिनमवाली केमो जास्त चांगली लागू पडण्याची शक्यता असते, आणि घरातल्या बाकीच्यांनाही सावध होता येतं. म्हणून कुणी या तपासण्या न करताच थेट इम्युनो सुचवत असेल तर तिथेच उभं राहून विचारा: आधी तपासणी का नाही? बग रिप्रोड्यूस न करता पॅच टाकणाऱ्याला आपण काय म्हणतो?

आणि नुसती केमो म्हणजे ‘काहीच नाही’ असंही नाही. आधी जेमसायटाबिन घेऊन झालेल्या रुग्णांवर २०१६ साली छापून आलेल्या ट्रायलमध्ये लायपोसोमल इरिनोटिकॅन जोडल्यावर मध्यक आयुष्य ४.२ वरून ६.१ महिने झालं. फरक छोटा, पण चिठ्ठ्या टाकून, तुलना करून सिद्ध झालेला. डॉक्टरांनी हा आकडा समोर ठेवावा आणि रुग्णानं ठरवावं, मला हे हवंय की नकोय. दोन्ही उत्तरं शहाणपणाची असू शकतात.

आशा कशी दिसते?

‘तू लोकांची आशा काढून घेतोयस’ हा पहिला आरोप. उलट, खरी आशा कशी दिसते ते सांगतो.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन यांच्या गटानं स्वादुपिंडाच्या १६ रुग्णांना ऑपरेशननंतर प्रत्येकाच्या गाठीवरून बेतलेली एमआरएनए लस दिली, सोबत एक इम्युनो औषध आणि नंतर केमो. म्हणजे आपल्या विषयातलीच जोडी, पण पहारेकऱ्यांना चोराचा फोटो हातात देऊन. १६पैकी ८ जणांत टी-पेशी जाग्या झाल्या. २०२५च्या फेब्रुवारीत आलेल्या निकालानुसार, सरासरी तीनेक वर्षं पाठपुरावा केल्यावर, त्या आठांतल्या सहा जणांचा आजार उलटलेला नव्हता. प्रतिसाद न मिळालेल्या आठांपैकी सात जणांचा उलटला होता.

हे वाचून माझ्याही अंगावर काटा आला. पण ही माणसं ऑपरेशन झालेली, आजार अजून न उलटलेली होती, संख्या १६, तुलनेचा गट नाही. म्हणून त्या लोकांनी दुकान उघडलं नाही. त्यांनी तुलनेच्या गटासकट पुढची, मोठी ट्रायल सुरू केली. खरी आशा बाळगणारा माणूस असा वागतो. जो मोजायला तयार आहे, त्याला आपल्या औषधावर विश्वास आहे.

आणि हे अमेरिकेलाच जमतं असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं तोंड-घशाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर हेच केलं. या रुग्णांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलेला होता. सगळ्यांना कमी मात्रेची, गोळ्यांची स्वस्त केमो. त्यांतल्या निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून, सोबत निव्होलुमॅब. पण किती? दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. हिशेब करा, सहा आठवड्यांत ७२०च्या जागी ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. २०२२ साली निकाल आला: वर्षभरानं हयात असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के.

माझ्या मते अलीकडच्या काळात महाराष्ट्रात झालेल्या इंजिनिअरिंगच्या उत्तम कामांपैकी हे एक आहे. (हो, इंजिनिअरिंगच. मर्यादित बजेट, मोजता येणारा निकाल.) मात्र हा निकाल उचलून स्वादुपिंडावर चिकटवू नका. ‘टाटानं कमी डोसनं करून दाखवलं, आपणही पॅन्क्रियाजला देऊन बघू’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे. तोंडाचा कॅन्सर वेगळा, तिथे चौकीवर पोलीस आहेत. टाटाच्या अभ्यासातून उचलायची ती पद्धत, डोस नव्हे.

विकणं आणि तपासणं

आता मूळ भांडणावर येतो.

ट्रायलमध्ये औषध तपासताना काय काय असतं? कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे आधी लिहिलेलं. नीतिमत्ता समितीची मंजुरी. भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद. ती २००७ साली सुरू झाली आणि २००९च्या जूनपासून नोंद सक्तीची आहे. तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. २०१९च्या नियमांत हे स्पष्ट आहे. कधी थांबायचं ते आधी ठरलेलं. आणि शेवटी, चांगला असो वाईट असो, निकाल जगासमोर.

तेच औषध, त्याच आजारात, ट्रायलच्या बाहेर ‘देऊन बघू’ म्हणून दिलं की यातलं एकही उरत नाही. पैसे घरचे भरतात. आतड्याला सूज, फुप्फुसाला सूज, थायरॉइड बिघडणं, क्वचित नव्यानं मधुमेह असे इम्युनोचे दुष्परिणाम झाले तर तेही बिल घरचेच भरतात. आणि निकाल? कुठेच नाही. आमच्या काकांसारख्या शेकडो लोकांनी हा प्रयोग स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या शरीरावर केला असेल, पण पुढच्या रुग्णाला सांगता येईल असं एक वाक्यही त्यातून तयार झालेलं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. पैशांपेक्षाही. प्रयोग करायचा, किंमत वसूल करायची, आणि वही कोरी ठेवायची!

थांबण्याचा मुद्दाही साधा नाही. सुरू करणं सोपं असतं. तिसऱ्या डोसनंतर स्कॅन जैसे थे आला तर ‘बंद करा’ कोण म्हणणार? मुलगा म्हणणार नाही, कारण नातेवाईक बघतायत. बायको म्हणणार नाही. स्वतः रुग्णही म्हणत नाही, कारण मुलानं एवढं केलंय. पुन्हा एक डोस, पुन्हा एक. आपल्या ग्रुप इन्शुरन्समुळे तर हे आणखी गुळगुळीत होतं. २०१९ साली विमा नियामकानं ठरवलं की इंजेक्शनवाटे दिली जाणारी इम्युनोथेरपी कंपन्यांनी सरसकट नाकारायची नाही, चांगलंच झालं. पण त्यावर वेगळी मर्यादा घालायची मुभा ठेवली. म्हणजे पहिले डोस ‘फुकट’, मर्यादा संपली की पुढचे खिशातून, आणि तोवर थांबायची हिंमत संपलेली.

दुसरा आरोप: “किमती उतरतायत की आता.” उतरू देत. २०२४च्या जुलैच्या बजेटमध्ये तीन कॅन्सर औषधांवरची कस्टम ड्यूटी काढली, त्यातलं एक दुर्व्हालुमॅब. ज्या कॅन्सरांत ते उपयोगी आहे त्यांच्यासाठी आनंद आहे. पण वर दुसऱ्या ट्रायलमध्ये स्वादुपिंडात न चाललेलं औषध हेच. न चालणारी गोष्ट स्वस्त झाली म्हणून चालायला लागत नाही.

तिसरा आरोप खरा वजनदार आहे: “ट्रायल मुंबई-दिल्लीत. इथला माणूस, हातात काही महिने, तो काय करणार?”

याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पण ट्रायल जवळ नाही, याचा अर्थ ट्रायलच्या नावानं विक्री चालेल असा होत नाही. त्याचा अर्थ ट्रायल जवळ आणा असा होतो. आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, २०१२ साली सुरू झालेलं, घाटीला जोडलेलं, टाटा मेमोरियलशी करार असलेलं. मराठवाडाच काय, खानदेश-विदर्भातूनही लोक तिथे येतात. सकाळी गेटसमोर एसटीच्या पिशव्या घेऊन बसलेली माणसं बघितली की कळतं. देशभरातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिडही २०१२चीच, आणि एकत्र खरेदी करून तिनं औषधांच्या किमती पाडून दाखवल्यात. किमतीसाठी एकत्र येता येतं, तर ट्रायलसाठी का नाही? मुंबईत ठरलेल्या ट्रायलचे रुग्ण इथेच नोंदवता, इथेच तपासता आले पाहिजेत. विमानतळाचं नाव आणि उड्डाणपुलाची उंची यावर आपण महिनोन्महिने भांडतो. एकदा यावरही भांडू या.

तोवर आपल्या हातात काय? चार प्रश्न. डॉक्टरांशी हुज्जत घालू नका, पण कागदावर लिहून न्या.

१. रिपोर्टमध्ये ॲडिनोकार्सिनोमा आहे ना? एमएसआय आणि बीआरसीए तपासलंय का?

२. हे औषध याच कॅन्सरमध्ये, आजार उलटल्यावर, नुसत्या केमोपेक्षा सरस ठरल्याचा चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास कुठला?

३. किती डोसनंतर, काय दिसलं तर थांबायचं? आजच लिहून द्याल का?

४. अशी ट्रायल कुठे चालू आहे का, आणि आमचा माणूस त्यात बसतो का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. बहुतेकांना उलट बरंच वाटतं, कारण अनेकदा घरचेच ‘काहीतरी करा हो’ म्हणून मागे लागलेले असतात आणि डॉक्टर त्या रेट्याला मान देतात. ‘देऊन बघू’ हे दोघांनी मिळून लिहिलेलं वाक्य आहे, हेही कबूल करायला हवं.

आणि पाचवी गोष्ट, जी प्रश्न नाही. वेदनेवरचा आणि आधाराचा उपचार, पॅलिएटिव्ह केअर, पहिल्या दिवसापासून मागा. लोक याला ‘आता काही उरलं नाही’चा शिक्का समजतात. २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना हा आधार सुरुवातीपासून मिळाला ते मध्यकानं ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. आजार वेगळा आहे, आकडे तसेच्या तसे इथे लावू नका. पण तो उपचार म्हणजे हार मानणं नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं. स्वादुपिंडाच्या रुग्णाला पाठीत रात्रभर कळा येतात. त्यासाठी मॉर्फीन आहे, पोटामागच्या नसांच्या जाळ्यात देतात ते इंजेक्शन आहे. जेवण पचावं म्हणून एन्झाइमच्या गोळ्या आहेत. यातलं काहीही ‘देऊन बघू’ नाही. हे चालतं, हे माहीत आहे, आणि नेमकं हेच सांगायला कुणाला वेळ नसतो.

आमच्या मावसकाकांनी शेवटी नुसती केमो घेतली, चार फेऱ्या, आणि मग स्वतःच ‘आता पुरे’ म्हणाले. सात महिने मिळाले. इम्युनो घेतली असती तर जास्त मिळाले असते का? एका माणसावरून ते सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. म्हणून तर ट्रायल लागते.

असो. बरंच लांबलं. सोमवारी ऑफिसात गेलात की एचआरकडून ग्रुप पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवा आणि त्यात इम्युनोथेरपीची मर्यादा किती लिहिलीय ते बघा. आणि वरचे चार प्रश्न घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. देव करो आणि कधी लागू नयेत.